कळसूबाईची वाट

एकदा आमच्या रात्रीच्या वर्गात महाराष्ट्राचा नकाशा भिंतीला टांगला होता. मंडळींनी आपापली गावे शोधली. लातूर सापडले, नांदेड सापडले. मग एका गृहस्थांनी गोदावरीच्या निळ्या रेघेवर बोट ठेवले आणि ते मागे मागे नेले. नांदेड, पैठण, नाशिक आणि शेवटी त्र्यंबक. तिथे रेघ संपली. त्यांचे बोट तिथेच थांबले.

"रेघ हितंच का संपली, गुरुजी?"

"पुढे डोंगर आहे, आबा. सह्याद्री."

"मंग डोंगरात पाणी आलं कुठून?"

त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. वय साठीच्या पलीकडचे. जमीन सात एकर, विहीर एक. त्या विहिरीने २०१६ साली तळ दाखवला होता. आबांचा प्रश्न नुसता पुस्तकातला नव्हता.

२०१६ चा उन्हाळा आपण कोणी विसरलेलो नाही. मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहराला नळाचे पाणी राहिले नाही. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी लातूरला आली. तिला दहा वाघिणी होत्या. एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर पाणी, म्हणजे एका गाडीत पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. ते पाणी कृष्णेचे होते. कृष्णा निघते महाबळेश्वराला, म्हणजे सह्याद्रीतच. गोदावरी सह्याद्रीतली, कृष्णाही सह्याद्रीतली. आपल्याला पाणी देणारा हा डोंगर आहे तरी कसा, तो एकदा डोळ्यांनी बघावा, असे आबांनी मनात घेतले. आणि मला म्हणाले, "तुम्ही चला संगं."

सह्याद्री हा एखाद-दुसरा डोंगर नव्हे. ती डोंगरांची लांबच लांब रांग आहे. तापी नदीच्या दक्षिणेकडून ती सुरू होते आणि समुद्राच्या काठाकाठाने थेट भारताच्या दक्षिण टोकाजवळ जाते. लांबी सुमारे १६०० किलोमीटर. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या राज्यांतून ती जाते. पश्चिमेला खाली कोकण आणि समुद्र, पूर्वेला वर आपला देश. या रांगेतील सर्वांत उंच शिखर केरळात आहे. त्याचे नाव अनाईमुडी, उंची २६९५ मीटर. आपल्या महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई. उंची १६४६ मीटर, जुन्या हिशेबाने ५४०० फूट. एव्हरेस्ट ८८४९ मीटर. पाच कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी एव्हरेस्ट थोडे वरच राहील. पण आपल्यासारख्या माणसाला कळसूबाईही काही थोडी नाही.

आणखी एक गोष्ट नकाशात पाहा. कळसूबाईच्या दक्षिणेला हरिश्चंद्रगड आहे. त्या गडापासून एक फाटा निघून आग्नेयेकडे येतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून तो लातूरपर्यंत पोचतो. तोच आपला बालाघाट. खांद्यापासून हात निघावा तसा हा सह्याद्रीचा हात आहे आणि आपण त्याच्या बोटांवर राहतो. मांजरा याच बालाघाटात, बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात उगम पावते. हे सांगितले तेव्हा आबा म्हणाले, "म्हणजे डोंगर आपला सोयराच निघाला की!"

२०१८ च्या श्रावणात आम्ही पाच जण निघालो. नांदेडहून मनमाडमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने नाशिक रोडला उतरलो. तिथून घोटी, आणि घोटीहून बारी या गावी. बारी कळसूबाईच्या पायथ्याशी आहे. गाव अकोले तालुक्यात. शिखर मात्र अकोले आणि इगतपुरी या दोन तालुक्यांच्या सीमेवर उभे आहे.

मनमाडपर्यंत सगळे आपल्यासारखेच होते. घोटीच्या पुढे गेलो आणि देखावा बदलला. जिकडे तिकडे भाताची खाचरे, गुडघाभर पाणी. आमच्यातल्या एकाने म्हटले, "हितं ज्वारी कशी येईल? सडून जाईल." खरेच आहे. तिकडची माणसे भात पिकवतात, नाचणी पिकवतात, वरई पिकवतात. आपली ज्वारी आणि तूर तिथे नाही.

रात्री बारीत राहिलो. महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची वस्ती या भागात मोठी आहे. ज्यांच्या घरी उतरलो त्यांनी कळसूबाईची हकिगत सांगितली. कळसू नावाची कोळ्याची एक मुलगी होती. ती पायथ्याच्या गावी एका घरी कामाला राहिली. राहतानाच तिने सांगितले होते, मी भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, बाकी पडेल ते काम करीन. काही दिवस बरे गेले. एक दिवस घरधन्याने तिला तेच काम करायला लावले. कळसू काम टाकून डोंगरावर निघून गेली आणि पुन्हा खाली आलीच नाही. तिचे देऊळ शिखरावर आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते. एका मोलकरणीने आपला शब्द मोडू दिला नाही, म्हणून तिच्या नावाने महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर ओळखले जाते. मला स्वतःला ही हकिगत किल्ल्यांच्या पुष्कळ गोष्टींपेक्षा आवडते.

सकाळी सातला चढायला सुरुवात केली. बारीपासून शिखर सुमारे ९०० मीटर वर आहे. सवय असलेल्या माणसाला तीन तास लागतात. आम्हाला जास्त लागणार हे उघड होते. गाव सोडले, ओढा ओलांडला, खाचरांच्या बांधावरून चाललो. पुढे खाली एक देऊळ आहे. ज्यांना वर चढवत नाही ते तिथेच देवीचे दर्शन घेतात. मग चढण लागते.

चढताना एक गंमत ध्यानात येते. डोंगराला पायऱ्या आहेत. माणसाने केलेल्या नव्हेत, डोंगराच्याच. थोडी सपाट पट्टी, मग उभा कडा, पुन्हा पट्टी, पुन्हा कडा. असे का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून तापलेला पातळ रस बाहेर आला. तो पसरला, थिजला, त्याचा खडक झाला. त्यावर पुन्हा रस आला. दुरडीत भाकरी एकावर एक रचाव्यात तसे थर बसले. त्यातला कडक थर झिजत नाही, तो उभा कडा होऊन राहतो. मऊ थर झिजतो, त्याची पट्टी होते. या काळ्या दगडाला बेसाल्ट म्हणतात. आपल्या लातूरकडे विहीर खणताना जो काळा कातळ लागतो तो हाच. आपली काळी जमीनही याच दगडाची झालेली माती. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे मात्र ग्रॅनाइटचा दगड दिसतो. तो याहून फार जुना.

आबांनी कड्याला हात लावला, नखाने खरवडून पाहिले. म्हणाले, "व्हय. माझ्या विहिरीतलाच हाय. सुरुंग लावल्याबिगर हलत न्हाई."

जिथे कडक थराचे कडे आडवे येतात तिथे चढायला लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. पूर्वी लोक साखळीला धरून चढत. शिड्या पक्क्या आहेत. पण पावसात लोखंड निसरडे होते, आणि सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याची एवढी गर्दी उसळते, की वरचे खाली येऊ पाहतात आणि खालचे वर जाऊ पाहतात. आम्ही गेलो तो नेमका श्रावणी सोमवार. गर्दी होती. पाऊस भुरभुरत होता. ढग अंगावरून वाहत होते. दहा पावलांवरचा माणूस दिसेना.

आता माझी चूक सांगतो.

दुसरी शिडी चढून आम्ही वर आलो तेव्हा आबा बोलायचे थांबले होते. एरवी त्यांचे तोंड बंद नसते. मी मागे वळून पाहिले. त्यांचे तोंड पांढरे पडले होते, कपाळावर घाम होता. मी म्हणालो, "चला आबा, आता थोडेच राहिले." चाळीस वर्षे पोरांना "चला, चला" म्हणण्याची सवय. ते बिचारे उठले, पंधरा-वीस पावले चालले आणि एका दगडाला धरून खाली बसले. हात थरथरत होते. मी पुन्हा म्हणालो, "एकच शिडी आहे, पोचलोच."

तिथे एका झोपडीत एक बाई लिंबाचे सरबत आणि भजी विकत होती. ती पुढे आली आणि मला म्हणाली, "मास्तर, डोंगर कुठं पळून जात नाही. बाबांना बसू द्या. काय खाल्लंय त्यांनी?"

तेव्हा मला कळले. आबांचा सोमवारचा उपास होता. पहाटेपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतले नव्हते, आणि पाणीसुद्धा दोन घोट. वाटेत लघवीला जावे लागेल म्हणून तेही टाळले होते. बॅगेत आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी, सगळे बांधून आणले होते. विचारायचे काम माझे होते. मी विचारलेच नाही.

बाईने आबांना झोपडीत आडवे केले, पाय उशाशी असलेल्या पोत्यावर उंच ठेवले, अंगावर घोंगडी टाकली. मग सरबत दिले. साखर आणि मीठ दोन्ही घातलेले. एकदम नाही, घोट घोट. मी आबांना विचारले, छातीत दाबल्यासारखे होते का? डावा हात, जबडा किंवा पाठ दुखते का? ते नाही म्हणाले. तसे काही असते तर गोष्ट निराळी झाली असती. छातीत दाब आणि दरदरून घाम ही हृदयाच्या विकाराची खूण असू शकते. तेव्हा माणसाला एक पाऊलही चालवू नये. १०८ या नंबरावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि माणसाला उचलून खाली न्यावे.

अर्ध्या तासाने आबांच्या तोंडावर रंग आला. उपास असला तरी त्यांनी गूळ-शेंगदाणे खाल्ले. म्हणाले, "देवाला कळतंय." आमच्यातले तिघे वर गेले. मी आबांजवळ राहिलो. त्या दिवशी मला शिखर दिसले नाही.

पण त्या झोपडीतल्या दोन तासांत जे ऐकले ते शिखरावर ऐकायला मिळाले नसते.

आबांनी तिला विचारले, "माय, तुमच्याकडं तर पान्याची चंगळ हाय. आमच्याकडं रेल्वेनं पाणी आणावं लागलं."

बाई हसली. म्हणाली, "बाबा, चंगळ चार महिने. एप्रिलात या. डोक्यावर हंडा घेऊन कुठवर जावं लागतं ते दाखवते."

आबांना ते खरे वाटेना. एवढा पाऊस पडतो आणि प्यायला पाणी नाही? पण ते खरे आहे. इथला डोंगर म्हणजे उतार आणि कातळ. माती थोडी. पडलेले पाणी थांबत नाही, चार-सहा तासांत ओढ्याने खाली जाते. काही कोकणात जाते, काही पूर्वेला धरणात जाते. पावसाळा संपला की डोंगरावरचे झरे एकेक करून आटतात. डोंगरातल्या कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. ती बाई म्हणाली, "धरण आमच्या समोर दिसतं. पाणी खालच्यांचं."

धरण म्हणजे भंडारदरा. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरा निघते जवळच्या रतनगडावर आणि पुढे गोदावरीला मिळते. हरिश्चंद्रगडाच्या बाजूने मुळा निघते, ती प्रवरेला मिळते. हे सगळे पाणी, वाटेत अडवून वापरून जे उरते ते, पैठणला नाथसागरात येते. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरण. त्याची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली ते सुरू झाले. तिथून गोदावरी पुढे येते आणि नांदेडजवळ विष्णुपुरीला पुन्हा अडवली जाते. म्हणजे त्या झोपडीच्या छपरावर जो थेंब पडत होता, त्याच्या वाटेवर किती माणसे हात पसरून उभी आहेत ते पाहा. डोंगरातली, अकोल्याची, संगमनेरची, नाशिकची, मग मराठवाड्याची. पाऊस कमी झाला की वरची धरणे आणि जायकवाडी यांच्यात पाण्यावरून तंटा होतो, तो कोर्टातही गेला आहे. वाटप कसे व्हावे यासाठी २००५ साली कायदा झाला आणि प्राधिकरण नेमले गेले. तंटा अजून मिटला आहे असे नाही. आपण खालचे लोक म्हणतो, वरचे पाणी अडवतात. वरचे म्हणतात, आमच्या अंगणात पडले ते आमचे. आणि ज्या बाईच्या अगदी डोक्यावर ते पडते तिला एप्रिलात हंडाभर मिळत नाही. आबा बराच वेळ गप्प बसले. मग आपल्या पिशवीतले सगळे धपाटे त्यांनी तिच्या पोरांसाठी काढून ठेवले.

आता आबांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. डोंगरात पाणी येते कुठून?

पाणी येते समुद्रातून, वाऱ्यावर बसून. जूनपासून नैऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून येतो. त्यात वाफ भरलेली असते. डोळ्यांना ती दिसत नाही. कोकण ओलांडले की सह्याद्रीची भिंत आडवी येते. वाऱ्याला वर चढावे लागते. वर गेलेली हवा फुगते, पसरते आणि थंड होते. एक हजार मीटर वर गेले की हवा सुमारे सहा अंशांनी थंड असते. थंड हवेत वाफ मावत नाही. तिचे थेंब होतात. चुलीवरच्या भाताचे झाकण उचलून पाहा, आतल्या बाजूला पाणी जमलेले दिसते. तेच इथे होते. सह्याद्री म्हणजे मोठे झाकणच.

भिंत ओलांडून वारा पूर्वेला उतरतो. उतरणारी हवा दाबली जाते आणि गरम होते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तो कशाने? हवा दाबल्यामुळेही. गरम झालेली हवा वाफ सोडत नाही. म्हणून डोंगराच्या पाठीमागे पाऊस एकदम कमी होतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून थोडेच पूर्वेला नाशिकला सातशेच्या आसपास. आणखी पुढे सिन्नर-संगमनेरकडे पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर आणि वाई या दोन गावांत तर असाच फरक काही कोसांत दिसतो. या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. झाडाची सावली सुखाची असते, ही सावली मात्र दुष्काळाची.

कोणी विचारील, मग लातूर-नांदेड तर आणखी पूर्वेला, तिथे काहीच पडू नये. पण तसे नाही. लातूरला सरासरी साडेसातशे-आठशे आणि नांदेडला नऊशेच्या आसपास पडतो. कारण आपल्याला दुसऱ्या बाजूचाही पाऊस मिळतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ते पश्चिमेकडे सरकतात आणि आपल्यापर्यंत पाऊस आणतात. ते नीट आले तर साधले, नाही आले तर फसले. म्हणून आपल्याकडे एक साल पुराचे आणि एक साल टँकरचे.

आता थोडा हिशेब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस झाला की एका एकरावर चार हजार लिटर पाणी पडते. साडेसातशे मिलिमीटर झाला तर तीस लाख लिटर. पाच लाख लिटरची ती पहिली रेल्वेगाडी आठवा. चांगल्या साली आबांच्या एका एकरावर अशा सहा गाड्या ओतल्या जातात. सात एकरांवर बेचाळीस गाड्या. मी हा हिशेब झोपडीतच वहीवर करून दाखवला. आबांनी तो दोनदा तपासला, कारण गुणाकार नुकताच शिकले होते. मग म्हणाले, "आन् मी बसलो होतो मिरजेच्या गाडीकडं डोळे लावून!" हे सगळे पाणी धरून ठेवता येत नाही. काही पिकाला लागते, काही उन्हाने उडते. पण बांध नीट असले, शेततळे असले, तर पुष्कळ मुरते.

दुपारी वरून तिघे उतरले. ढगांमुळे त्यांनाही देवीच्या देवळाशिवाय काही दिसले नव्हते. आबांना मधे घेऊन, हळूहळू, आम्ही खाली आलो.

चार महिन्यांनी, मार्गशीर्षात, आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आबांनी आधी सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घेतली. महिनाभर रोज सकाळी गावामागची टेकडी चढली. उपासाचा वार टाळला. निघताना भाकरी खाल्ली. पाणी माणशी तीन लिटर घेतले. एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी होते. ते घरी करता येते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. मीठ याहून जास्त घालू नये. जुलाबात मुलांना देतात तेच हे पाणी.

चालही बदलली. तोंड मिटून नाकाने श्वास घेता येईल एवढ्याच वेगाने चालायचे. बोलता बोलता चालता आले तर चाल बरोबर, बोलणे बंद पडले तर थांबायचे. सर्वांत हळू माणूस पुढे, बाकीचे मागे. हे मला त्या पहिल्या खेपेने शिकवले. पूर्वी मी सगळ्यांच्या पुढे चालत असे. पायात रबरी तळाचे, खाचांचे बूट हवेत. चप्पल शिडीवर दगा देते. उतरताना गुडघ्यावर भार येतो, म्हणून हातात काठी. आणि किती वाजता परत फिरायचे ते खाली असतानाच ठरवायचे. आम्ही ठरवले होते, अकरा वाजता जिथे असू तिथून मागे. वीज कडाडू लागली तर शिखर, एकटे झाड आणि लोखंडी शिडी यांच्यापासून दूर व्हावे. कड्यावर आग्यामोहोळ असेल तिथे धूर करू नये, बिडीसुद्धा ओढू नये. पावसाळ्यात धबधब्याखाली, शेवाळलेल्या दगडावर फोटोसाठी उभे राहू नये. दरसाल अशी माणसे जातात आणि वर्तमानपत्रात चार ओळी येतात.

सव्वादहाला आम्ही माथ्यावर होतो. वर जागा थोडी. मधे कळसूबाईचे लहानसे देऊळ. आबांनी नारळ फोडला, मग चारी बाजूंना पाहिले. आकाश स्वच्छ होते. खाली भंडारदऱ्याचे पाणी चकाकत होते. एका अंगाला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन अवघड किल्ले. दक्षिणेला रतनगड, त्याच्या पलीकडे दूर हरिश्चंद्रगड. त्या गडाला कोकणकडा नावाचा प्रचंड कडा आहे, आतून वाटीसारखा खोलगट. सूर्य पाठीशी आणि ढग समोर खाली असले तर तिथे आपलीच सावली ढगावर पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचे पूर्ण गोल कडे दिसते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. आम्हाला ते पाहायला मिळालेले नाही.

आबा पूर्वेकडे तोंड करून बसले. तिकडे डोंगर उतरत उतरत सपाट होत जातो आणि शेवटी धुरकट होतो. "आपलं गाव तिकडंच ना?" त्यांनी विचारले. तिकडेच. पण चारशे किलोमीटरच्या आसपास दूर.

वर्गातल्या एका बाईने पुढे मला विचारले, "गुरुजी, बाया चढतात का?" चढतात. वर पुष्कळ बाया भेटल्या, नऊवारीतल्यासुद्धा. आणि आपल्या शेजारच्या तेलंगणातली, निजामाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, शेतमजुरांची मुलगी मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर चढली. तेव्हा तिला चौदावे वर्षसुद्धा पुरे झाले नव्हते. निजामाबाद म्हणजे देगलूर-बिलोलीच्या पलीकडचा जिल्हा. फार लांब नाही.

उतरताना झोपडीतल्या बाईकडे थांबलो. आबांनी तिच्यासाठी तुरीची डाळ नेली होती, घरची. तिने सरबताचे पैसे घेतले नाहीत. झऱ्याला पाणी किती आहे, असे आबांनी विचारले. ती म्हणाली, "फेब्रुवारीपर्यंत पुरेल."

गावी आल्यावर आबांनी एक उद्योग सुरू केला. सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा एक मोकळा डबा घेतला. अंगणात, झाड आणि भिंत यांच्यापासून दूर, दगडांत घट्ट बसवला. रोज सकाळी ठरल्या वेळी त्यात फूटपट्टी उभी धरून पाणी मोजायचे, वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. पट्टीवरचा एक बारीक घर म्हणजे एक मिलिमीटर. असा डबा कोणालाही ठेवता येईल. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या वहीतली पहिली ओळ पडली. अक्षर थोडे वाकडे आहे, पण वाचता येते. तारीख, मग १४ मिलिमीटर, आणि पुढे कंसात, एकराला छप्पन्न हजार लिटर.